'वाखाणणे' : विवरणाकडून स्तुतीकडे

इंग्रजीतील 'प्रेझ' या क्रियापदाचे मूळ व्यवहारात आहे. किंमत या अर्थाच्या लॅटिन 'प्रेतिउम' या नामापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'मोल ठरवणे' या अर्थाचे क्रियापद सिद्ध झाले आणि ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. मध्ययुगीन इंग्रजीत त्याला मोल करणे आणि स्तुती करणे असे दोन्ही अर्थ होते. पुढे मोल करण्याचा अर्थ 'अप्रेझ'ने घेतला व 'प्रेझ'कडे स्तुती तेवढी उरली. समीक्षेतील 'अप्रीशिएशन' ही संज्ञाही याच 'प्रेतिउम'ची संतती होय.

मराठी 'वाखाणणे' वेगळ्या वाटेने आले. संस्कृत 'व्याख्यान', प्राकृत 'वक्खाण' आणि त्यापासून 'वाखाण' अशी ही परंपरा आहे. जुन्या मराठीत 'वाखाणणे' म्हणजे अर्थ उलगडून सांगणे. आज मात्र केवळ स्तुती करणे. गुजरातीत 'वखाण' म्हणजे प्रशंसा असली, तरी जैन मुनींच्या प्रवचनालाही 'वखाण' म्हणतात. तेथे मूळ अर्थ पुरता लोपलेला नाही.

हे अर्थांतर का घडले असावे? ज्या ग्रंथाचे विवरण करावयाचे तो बहुधा पूज्यच असे. त्याचा अर्थ सांगणे हेच त्याचे माहात्म्य सांगणे ठरे. महानुभाव वाङ्मयात याचा प्रत्यय येतो. केसोबासांनी संकलित केलेल्या 'सूत्रपाठा'वर विचार, लक्षण व आचार ही स्थळे रचली गेली. त्यांत श्रीचक्रधरांविषयीची भक्ती प्रकट होते ती वचनांच्या अर्थनिर्णयातूनच. नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठनिश्चितीचा तो दीर्घ परिश्रमही, आधुनिक रीतीने का होईना, जुन्या अर्थाचे वाखाणणेच होय.

व्युत्पत्ती ही आज्ञा नव्हे. शब्दाचा अर्थ रूढीच ठरवते. तथापि 'अप्रीशिएशन'साठी आपण 'रसग्रहण' हा शब्द योजला आणि स्तुतीचा विवरणाशी असलेला संबंध विसरलो, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आपल्या गौरवग्रंथांत व प्रस्तावनांत 'वाखाणण्याजोगी प्रतिमासृष्टी' वारंवार आढळते. तीतील एखादी प्रतिमा उलगडून दाखवलेली क्वचितच आढळते. अशा स्तुतीशी वाद घालता येत नाही, कारण तिने आपला आधारच सांगितलेला नसतो. विवरणाशी मात्र मतभेद संभवतो, आणि समीक्षाव्यवहार चालतो तो त्या मतभेदावरच.