एका माशाची पाच नावे

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या ओढ्यांत एक मासा राहतो. वितीएवढाही तो वाढत नाही. अंग चंदेरी; नाकापासून डोळ्यातून निघून अर्ध्या अंगापर्यंत जाणारी लालभडक रेषा; तिच्या खाली शेपटीपर्यंत काळा पट्टा; शेपटीच्या दोन्ही टोकांना पिवळा आणि काळा रंग. खडकाळ डोहांत, वाहत्या थंड पाण्यात तो थव्याने फिरतो. मलयाळममध्ये त्याला ‘चोरक्कण्णी’ म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दात आधी चोर दिसेल, पण मलयाळममध्ये ‘चोर’ म्हणजे रक्त आणि ‘कण्ण’ म्हणजे डोळा. चोरक्कण्णी म्हणजे डोळ्यातून रक्त ओघळणारी. ज्याने हे नाव दिले त्याने मासा जिवंत आणि जवळून पाहिला होता, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या दीडशे वर्षांत या माशाला आणखी चार नावे मिळाली. कोणी, कुठे आणि कशासाठी त्याच्याकडे पाहिले, ते प्रत्येक नावात नोंदलेले आहे. घरातल्या काचपेटीत अनोखे मासे पाळण्याचा छंद भारताच्या नद्यांपर्यंत कसा पोचला आणि त्याने तिथे काय केले, हे या नावांच्या क्रमातून बऱ्यापैकी उलगडते.

दुसरे नाव १८६५ चे. फ्रान्सिस डे हा मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतला इंग्रज डॉक्टर. कोचीनमध्ये असताना त्याला माशांचा नाद लागला आणि त्यातूनच पुढे ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा त्याचा महाग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला. त्रावणकोरच्या डोंगरातल्या मुंडकायम इथून आलेल्या नमुन्यांवरून डेने या माशाचे वर्णन केले आणि त्याचे नाव ठेवले ‘लेबिओ डेनिसोनी’. सर विल्यम डेनिसन हे तेव्हा मद्रासचे गव्हर्नर होते, त्याआधी त्यांनी न्यू साऊथ वेल्सचा कारभार पाहिला होता. साहेबांनी हा मासा पाण्यात पाहिला होता की नाही, याला महत्त्व नव्हते. त्या काळच्या शास्त्रात नाव हा नजराणाही असे. नमुने स्पिरिटच्या बरणीत जात आणि स्पिरिटमध्ये लाल रंग टिकत नाही. चोरक्कण्णीतली ‘चोर’ बरणीत विरघळून गेली; उरले ते दात, खवले आणि परांतले काटे, म्हणजे मोजता येण्यासारखे सगळे.

सगळ्याच साहेबांनी नावे अशी ठेवली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्सिस हॅमिल्टन, म्हणजे आधीचा बुकॅनन, याने १८२२ साली गंगा आणि तिच्या फाट्यांतल्या माशांवर ग्रंथ लिहिला. कोळ्यांच्या तोंडचे शब्द त्याने सरळ लॅटिनच्या शेजारी बसवले. रुईचा ‘रोहिता’, कतल्याचा ‘कतला’ तिथलेच. बंगाली ‘पुंटी’चे त्याने ‘पुंटिअस’ केले, आणि आज हा शब्द जगभरचे मत्स्यपालक वापरतात. त्याच ग्रंथातला पट्ट्यापट्ट्यांचा ‘रेरिओ’ विसाव्या शतकात परदेशी काचपेट्यांत लोकप्रिय झाला. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत नेले आणि आज झेब्राफिश म्हणून जनुकशास्त्राचे केवढे तरी काम त्याच्यावर चालते.

दख्खनमध्ये हेच काम कर्नल विल्यम सायक्स याने केले. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत तो या भागात फिरला, आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय नावे प्रसिद्ध केली. ‘फुलंगी’, ‘मुल्या’, ‘खुद्री’, ‘ताकरी’ हे शब्द भीमा-मुळेच्या काठावर ऐकून त्याने इंग्रजी कानाला जमतील तसे लिहून घेतले, आणि ते तसेच लॅटिन नावांत राहिले. मराठीचे हे एक विसरलेले दफ्तरच म्हणायचे. खेड्यातला शब्द बदलला, कधी पुसलाही गेला, पण लंडनच्या पोथीत तो अजून जागा धरून आहे.

या सगळ्यांना मासा दिसत होता तो जाळ्यात, ताटात किंवा बरणीत. जिवंत मासा बाजूने बघायची सोय माणसाला अगदी अलीकडे मिळाली. चीन आणि जपानमध्ये सोनेरी मासे शतकानुशतके पाळले गेले, पण ते हौदांत आणि मातीच्या कुंड्यांत. तिथे बघायचे वरून, म्हणून ज्यांची पाठ आणि शेपटी वरून शोभते अशाच जाती निवडून वाढवल्या गेल्या. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा एका पात्रात मेळ कसा बसतो ते मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉसच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. काचेने पाहण्याची दिशाच बदलली. काठावर उभ्या माणसाला चोरक्कण्णीची फक्त काळपट पाठ दिसते; तिचे सगळे सौंदर्य कुशीवर आहे. काचपेटी हे एक नवे वाहन होते, आणि हा मासा जणू त्याची वाट बघत होता.

ही वाट लांबली. उष्ण प्रदेशातला मासा थंड देशात जगवायचा तर पाणी ऊबदार ठेवणारे यंत्र हवे, आणि तो पोचवायचा तर प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आणि विमान हवे. या गोष्टी विसाव्या शतकात आल्या. भारतात मात्र प्रवाह उलटा होता. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले तिथे काचेला नाक लावून उभी राहिली. घरी आणलेल्या टाकीत मात्र चीनचा गोल्डफिश, अमेझॉनचा एंजलफिश आणि दक्षिण अमेरिकेचाच गप्पी असायचा. त्यातला गप्पी तर डासांच्या अळ्या खातो म्हणून विहिरींतही सोडला गेला. आपल्या ओढ्यातला मासा एक तर खायचा, नाही तर ‘बारीक सारीक’ म्हणून सोडून द्यायचा. पाळण्याजोगा म्हणजे दुरून आलेला, ही समजूत इतकी पक्की होती की अनोखेपणा हा माशाचा गुण नसून अंतराचा गुण आहे, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

ते लक्षात आणून दिले सिंगापूरने. तिथल्या ‘अ‍ॅक्वारामा’ या शोभिवंत माशांच्या प्रदर्शनात १९९७ साली चोरक्कण्णीला नव्या जातींच्या विभागात पुरस्कार मिळाला. १८६५ मध्ये नोंदलेला मासा १३२ वर्षांनी ‘नवा’ ठरला. बाजाराच्या भाषेत त्याचे तिसरे नाव तयार झाले, ‘रेड-लाइन टॉर्पेडो बार्ब’; कुठे ‘रोझलाइन शार्क’ही. शार्कशी याचा काडीचा संबंध नाही, पण दुकानाला जोरदार नाव लागते. इकडे केरळने त्याला चौथे नाव दिले, ‘मिस केरळा’. सौंदर्यस्पर्धेत बक्षीस मिळवून आलेल्या मुलीचे घरी कौतुक व्हावे, तसे हे नाव आहे. मुलगी घरचीच होती. तिच्याकडे पाहायला बाहेरच्या परीक्षकांची गरज लागली, एवढेच.

मग चंद्रगिरी, वळपट्टणम, चालियार यांच्या वरच्या अंगाला जाळी लागली. घाटाखालच्या गावांतल्या लोकांना हाती पैसा देणारे नवे काम मिळाले, आणि ते खोटे नव्हते. पण हा मासा थव्याने राहतो. एक डोह सापडला की थवाच्या थवा हाती लागतो. पकडलेल्यातले किती वाटेत मेले याचा हिशेब निर्यातीच्या कागदांत येत नाही. राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे बाहेर गेले. त्यांत लाल रेषेच्या या माशांची संख्या तीन लाखांच्या वर होती. आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

सरकार अगदीच गप्प बसले नाही. केरळच्या मत्स्य विभागाने २००८ मध्ये या माशाच्या पकडीवर निर्बंध घातले आणि जून, जुलै व ऑक्टोबर हे महिने बंदीचे ठरवले. पावसाळ्यात मासे अंडी घालतात हे आपल्याकडचे सर्वसाधारण ज्ञान आहे, आणि पुष्कळ माशांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की हा मासा ऑक्टोबर ते मार्च या काळात प्रजनन करतो. म्हणजे बंदीच्या तीनपैकी दोन महिन्यांत विणीचा हंगामच नव्हता आणि विणीच्या सहापैकी पाच महिन्यांत जाळी मोकळी होती. एका माशाला तोवर बाजारातली दोन नावे मिळाली होती, बक्षीस मिळाले होते, किंमत ठरली होती. तो अंडी केव्हा घालतो हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी विचारला गेला. कौतुक आणि ओळख यांतले अंतर इथे मोजता येते.

पाचवे नाव याच उशिरा आलेल्या ओळखीतून निघाले. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी हा मासा लेबिओमधून काढून बार्बसमध्ये आणि मग हॅमिल्टनच्या त्या बंगाली पुंटिअसमध्ये ठेवला होता. २०१३ मध्ये राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि पुण्याचे नीलेश डहाणूकर यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती सुचवली आणि तिचे नाव ठेवले ‘सह्याद्रिया’. चालकुडी नदीतला त्याचा भाऊबंदही याच प्रजातीत आला. आता पूर्ण नाव झाले ‘सह्याद्रिया डेनिसोनी’, पुढे डोंगर आणि मागे गव्हर्नर. नावे ठेवण्याच्या नियमांनुसार डेनिसनला काढता येत नाही, पण त्याच्या पुढे घर लिहिता आले. त्याच वर्षी आलेल्या जनुकीय अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: वेगवेगळ्या नद्यांतल्या या माशांच्या वंशरेषा निरनिराळ्या आहेत. ज्याला आपण एक मासा म्हणतो ते कदाचित अनेक आहेत, आणि त्यातल्या एखाद्याची नदी रिकामी झाली तर शेजारच्या नदीतून भरपाई होणार नाही.

मराठी वाचकाने ही केरळची गोष्ट म्हणून बाजूला ठेवू नये. त्याच निर्यातीच्या यादीत सर्वाधिक गेलेल्या जातींत ‘बोटिया स्ट्रायाटा’ आहे. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीवरून नोंदवलेला हा बारीक पट्ट्यांचा मासा कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, कोल्हापूरच्या बाजूच्या नद्यांतही राहतो. तोही संकटग्रस्त आहे. परदेशी टाक्यांत त्याला ‘झेब्रा लोच’ म्हणतात आणि गोगलगायी खातो म्हणून हौशी लोक तो आवर्जून नेतात. त्याला कुणी ‘मिस महाराष्ट्र’ म्हटले नाही, त्याच्यासाठी बंदीचे महिने चुकीचे का होईना कुणी ठरवले नाहीत. ज्याचे नाव चारचौघांच्या तोंडी नाही, त्याच्या जाण्याचा आवाजही होत नाही.

यावर उपाय म्हणून संवर्धनकेंद्रांत पैदास सुरू झाली. संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन चोरक्कण्णीची अंडी मिळवण्याचे तंत्र कोचीजवळच्या पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयात विकसित झाले, आणि दक्षिण-पूर्व आशियातल्या फार्मांतही आता ती वाढवली जाते. ओढ्यावरचा भार यामुळे हलका होतो, हे खरेच. पण हौदात जन्मलेल्या माशाला नदी नसते. विकत घेणाऱ्याला चंद्रगिरीशी काही देणेघेणे उरत नाही. आणि ओढ्याकाठच्या माणसाचे उत्पन्न गेले की वाळूउपसा, बंधारे किंवा मळ्यांतून उतरणारे कीटकनाशक याविरुद्ध बोलायला त्याच्यापाशीही कारण राहत नाही. मासा वाचेल आणि त्याचे पाणी जाईल, असेही घडू शकते.

म्हणून पाळणाऱ्याच्या हाती जे आहे त्याला कमी लेखू नये. या माशाला एकटा ठेवून चालत नाही, थवा लागतो. लांब टाकी लागते, जोराचा प्रवाह, भरपूर प्राणवायू, आणि बहुतेक उष्ण कटिबंधीय माशांपेक्षा थंड पाणी. ही सगळी मागणी म्हणजे एका डोंगरी ओढ्याचेच वर्णन आहे. ती मनापासून पुरवणाऱ्या माणसाला, सह्याद्रीपासून हजारो मैलांवर असला तरी, त्या ओढ्याबद्दल पुष्कळ काही कळलेले असते. त्याने दुकानदाराला किंमत विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: हा कुठल्या नदीचा, की कुठल्या हौदातला? बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही. पण चार नावे देऊन झाल्यावरही जगाने जो प्रश्न विचारला नव्हता, तो एवढाच होता.