छायाचित्रकाराची गुरुयात्रा

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी निरोप घेण्यास आला. लग्नसमारंभांचीं छायाचित्रें काढणें हा त्याचा व्यवसाय. एका नामांकित छायाचित्रकाराच्या पांच दिवसांच्या कार्यशाळेसाठीं तो परप्रांतीं निघाला होता. फी जबर होती व ती त्यानें कर्ज काढून भरली होती. बरोबर आलेल्या त्याच्या वडिलांनीं आम्हांस सरळच विचारलें, "सर, कॅमेरा घरांत आहे, पुस्तकें घरांत आहेत, राहिलेलें मोबाईलवर फुकट पाहायला मिळतें, मग हा खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता. आमचा विषय इतिहास. तेव्हां उत्तरहि तेथेंच शोधावें असें आम्हीं ठरविलें.

या कलेचा जन्म झाला तोच मुळीं पुस्तक हातीं घेऊन. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिस येथें दागेर याची कृति जाहीर झाली. फ्रेंच सरकारनें त्यास निवृत्तिवेतन देऊन ती लोकांस खुली केली, आणि त्याच्या पुस्तिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तरीहि त्यास पुढल्याच महिन्यांत लोकांसमोर प्रयोग करून दाखवावे लागले. कारण तबकडीस झिलई कितपत हवी, पाऱ्याची वाफ केव्हां थांबवावी, हें वाचून उमगत नव्हतें. त्याच वर्षीं मार्चमध्यें तारायंत्राचा कर्ता सॅम्युएल मोर्स दागेरच्या घरीं जाऊन चित्रें पाहून आला होता. न्यूयॉर्कला परतल्यावर तो स्वतःच ही विद्या शिकवूं लागला.

आमच्याकडेहि तोच प्रकार झाला. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळांत होते. पुढल्या वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें क्रॉफर्ड यांनीं छायाचित्रणाचा वर्ग चालविला, व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक त्यांतून तयार झाला. याहून बोलकें उदाहरण दादासाहेब फाळके यांचें. गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा करून पाहिलेला हा मनुष्य चलच्चित्रांवरील मिळतील तीं पुस्तकें वाचून बसला होता. तरीहि विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं विलायत गांठली, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंतील सर्व विभागांचें काम डोळ्यांनीं पाहिलें, आणि एप्रिलच्या आरंभीं ते परतले. पुढल्याच वर्षीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कर्ज काढून शिकावयास जाणारा आमचा विद्यार्थी कांहीं पहिला नव्हे.

परंतु लग्नाच्या छायाचित्राची गोष्ट थोडी निराळी आहे. व्हिक्टोरिया राणीचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजीं झाला. त्याचें छायाचित्र नाहीं. रॉजर फेंटन यानें १८५४ सालीं काढलेलें जें चित्र लग्नाचें म्हणून पुष्कळदां दाखविलें जातें, त्यांतील पोषाख दरबारी आहे. तिच्या थोरल्या कन्येच्या लग्नदिवशीं मात्र, २५ जानेवारी १८५८ रोजीं, वधूचें आईबापांसह चित्र घेतलें गेलें. त्यांत राणीचा चेहरा पुसट आला आहे. आपण थरथरत होतों, म्हणून आपली छबी अस्पष्ट उठली, असें तिनें स्वतःच दैनंदिनींत नमूद केलें आहे. कारागिरीच्या दृष्टीनें चित्र फसलें. पण मुलीला सासरीं धाडणारी आई त्यांत जशी सांपडली आहे, तशी स्थिर बसवून सांपडली नसती.

पुढें कित्येक दशकें कॅमेरा लग्नाला जाण्याऐवजीं लग्नच कॅमेऱ्याकडे जात असे. आमच्या आजी-आजोबांचें लग्नाचें म्हणून जें चित्र घरीं आहे, तें लग्नानंतर कांहीं दिवसांनीं रंगविलेल्या पडद्यापुढें काढलेलें आहे. १९२५ सालीं लायका हा चिमुकला कॅमेरा बाजारांत आला, त्या दशकाच्या अखेरीस प्रकाशाचे दिवे आले, आणि छायाचित्रकाराला मांडवांत शिरण्याची वाट मोकळी झाली. सोय झाली तशी जबाबदारीहि वाढली; पडद्यापुढचें जोडपें दुसऱ्यांदा बसवितां येतें, अंतरपाट दुसऱ्यांदा दूर होत नाहीं. आमच्या स्वतःच्या लग्नांत नेमक्या त्या वेळीं छायाचित्रकाराच्या यंत्रांत फिल्म सरकलीच नव्हती. अक्षता टाकतांना वडील रडत होते असें आई सांगते. वडील त्याच वर्षीं गेले. तें चित्र आम्हीं पाहिलें नाहीं.

म्हणून चूक करावयाची तर ती दुसरीकडे. अमेरिकेंत योसेमिटीच्या दरींत अँसेल अ‍ॅडम्स यांनीं १९४० सालीं असाच वर्ग भरविला, व १९५५ पासून १९८१ पर्यंत ते वर्षानुवर्षें तेथें शिकवीत राहिले. विद्यार्थी दरींत जाऊन चित्रें काढीत आणि तीं सर्वांसमोर टीकेला ठेवीत. कडा उद्यांहि तेथेंच असतो. चुकलेलें चित्र पुन्हां काढतां येतें, आणि तें कां चुकलें हें सांगणारा शेजारीं उभा असतो. घरापासून दूर जाण्याचा खरा लाभ हाच, असें आम्हांस वाटतें. तेथें गिऱ्हाईक नसतें, मुहूर्त नसतो.

याला एक उणी बाजूहि आहे. लग्नाच्या छायाचित्रणाच्या अशा वर्गांत पुष्कळदां भाड्यानें आणलेले वधूवर असतात. तीं सांगाल तशीं उभीं राहतात, ऊनहि पाहिजे तेव्हांचें निवडतां येतें. चित्रें सुंदर येतात. पण तेथें कोणाची आई थरथरत नाहीं. तेवढें शिक्षण मांडवांतच घ्यावें लागतें.

वडिलांना आम्हीं सांगितलें, त्याला जाऊं द्या. मुलाला सांगितलें, परत आलास कीं पहिल्या लग्नांत अंतरपाटाच्या वेळीं वधूवरांबरोबर त्यांच्या मागें उभ्या असलेल्या माणसांकडेहि पाहा. आणि निघण्यापूर्वीं फिल्म सरकते कीं नाहीं तें तपास. आतां फिल्म नसते, असें तो हंसून म्हणाला. पण वाकून नमस्कार करून उठल्यावर त्यानें पिशवींतला कॅमेरा काढून एकदां पाहिलाच.