गॉस्पोर्टचा मास्तर

मंडळी, आज जरा आकाशातला विषय घेतो आहे.

आमच्या नात्यातला एक मुलगा वैमानिकाचे शिक्षण घेतो आहे. परवा त्याच्या आईचा फोन आला. आवाज थोडा कापरा होता. "काका, ते शिकवणारे म्हणे वर गेल्यावर मुद्दाम इंजिनाची ताकद काढून घेतात आणि पोराला सांगतात, आता उतरव! हे काय शिकवणं झालं?"

विमान मी फक्त प्रवासी म्हणून अनुभवलेले, तेही खुर्चीचा हात घट्ट धरून. पण प्रश्न शिकवण्याचा होता, आणि ज्याने उभी हयात खडू हातात धरली त्याला असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. वाचत गेलो, आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक लंगडणारा इंग्रज मास्तर भेटला. त्याची गोष्ट फोनवर सांगण्याइतकी छोटी नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी मागे जाऊ या, २५ ऑगस्ट १९१२ पर्यंत. इंग्लंडमधल्या सॉल्सबरी पठारावर लष्करासाठी विमानांच्या चाचण्या चालू होत्या. विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलातला तरुण अधिकारी तीन तासांची चाचणी संपवून परतत होता. बरोबर आणखी एक अधिकारी. सुमारे ७०० फुटांवरून गोल फिरत खाली येताना विमानाचे नाक फार खाली गेले, म्हणून त्याने ते वर ओढले, आणि विमान एकदम भोवऱ्यासारखे गरगरत खाली निघाले. वैमानिक याला स्पिन म्हणतात. त्या काळी या स्पिनमधून कोणी वाचत नसे, त्यामुळे काय करायचे हे सांगणाराही कोणी नव्हता. पार्कने सुचेल ते केले. इंजिन पूर्ण जोरात सोडले, नाक वर ओढले, ज्या बाजूला विमान फिरत होते त्याच बाजूला रडर (म्हणजे शेपटीचे सुकाणू) दाबला. काही उपयोग नाही. गिरकीचा जोर इतका, की स्वतःला सावरायला त्याला उजवा हात सुकाणूवरून काढून शेजारचा खांब धरावा लागला. जमीन पन्नासेक फुटांवर आली तेव्हा त्याने शेवटचा उपाय म्हणून रडर उलट्या बाजूला पूर्ण दाबला. विमान सरळ झाले! खाली बघणाऱ्यांनी श्वास सोडला आणि पार्क शांतपणे उतरला.

आता यात नेमके काय होते ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. पंख हवेला ठरावीक कोनातच धरला तर उचलतो. नाक फार वर ओढले की कोन वाढतो, हवा पंखावरून फाटते आणि पंख उचलायचे सोडून देतो. हा स्टॉल. एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त ढेपाळला की विमान त्या बाजूला कलंडून फिरू लागते, तो स्पिन. लहानपणी पतंग उडवलेल्यांना हे पटकन कळेल. पतंग गोता खाऊ लागला की नवशिका घाबरून मांजा ओढतो, आणि पतंग आणखी वेगाने खाली येतो. जाणकार मुलगा ढील देतो. विमानाचेही तसेच. खाली पडणाऱ्या माणसाचा हात आपोआप स्टिक पोटाशी ओढतो, कारण त्याला वर जायचे असते. त्या ओढण्यानेच पंख स्टॉलमध्ये अडकून राहतो. सुटायचे तर इंजिन कमी करायचे, गिरकीच्या उलट रडर द्यायचा आणि जमीन समोरून अंगावर येत असताना स्टिक पुढे ढकलायची. म्हणजे सगळे अंगच्या स्वभावाविरुद्ध.

पार्कच्या अनुभवाची विमानविषयक साप्ताहिकात चर्चा झाली, पण ते ज्ञान मूठभर जाणकारांतच राहिले. पार्क स्वतः त्याच वर्षी डिसेंबरात गेला. इंजिन नीट ओढत नव्हते, उंची बेताची होती, आणि वेम्बलीजवळ विमान कोसळले. चार महिन्यांपूर्वी ज्याने मृत्यूच्या तोंडातून विमान काढले होते, तो असा गेला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल.

मग १९१४ चे महायुद्ध आले आणि वैमानिकांचा कारखाना सुरू झाला. शिकवायचे कसे? तर शिकवणारे बहुतेक आघाडीवरून थकून, काही जण घाबरून, विश्रांतीसाठी परत पाठवलेले. विद्यार्थ्यांना ते आपसांत 'हूण' म्हणत. हूण म्हणजे शत्रू, जर्मन. का, तर ही पोरे शत्रूपेक्षा आपलीच विमाने जास्त मोडतात! मास्तर मुलांबद्दल असे बोलू लागला की त्या वर्गाचे काय होते हे मी वेगळे सांगायला नको. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून ओरडायचे नाही तर खुणा करायच्या. बरेच शिक्षक नियंत्रणे पोराच्या हाती पूर्ण सोपवायलाच भीत. स्पिनचे नाव काढायचे नाही, कारण तो म्हणजे मरण. अशा शिक्षणानंतर पंधरा-वीस तासांच्या अनुभवावर मुले फ्रान्सच्या आघाडीवर जात.

तिथे १९१६ मध्ये साठ क्रमांकाच्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट स्मिथ-बॅरी. हाच आपला मास्तर. जन्म १८८६, घरचा श्रीमंत, स्वभावाने तऱ्हेवाईक, कागदपत्रांचा मनस्वी कंटाळा. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट १९१४ मध्ये, त्याचे विमान फ्रान्समध्ये कोसळले होते. बरोबरचा माणूस गेला, याचे पाय मोडले, आणि लंगडणे जन्माचे सोबती झाले. आपल्या तुकडीत येणारी मुले बघून तो हादरला. विमान जेमतेम सरळ उडवता येणाऱ्यांना लढायला पाठवणे म्हणजे खून आहे, असे त्याला वाटे. त्याने आपले वरिष्ठ ट्रेंचर्ड यांना पत्रांवर पत्रे लिहिली. वरिष्ठ अशा माणसाला सहसा गप्प बसवतात. ट्रेंचर्डनी मात्र त्याला १९१६ च्या अखेरीस इंग्लंडला परत पाठवले आणि पोर्ट्समथजवळच्या गॉस्पोर्टची प्रशिक्षण तुकडी त्याच्या हाती दिली. एवढे बोलतोस ना, मग करून दाखव!

त्याने केले. पहिली गोष्ट, विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्या जागेवर बसवले आणि शिक्षकाला दुसऱ्या. दोघांकडेही पूर्ण नियंत्रणे. दुसरी गोष्ट, एक साधी रबरी नळी. शिक्षकाने तोंडाशी धरलेल्या टोकात बोलायचे, ते विद्यार्थ्याच्या टोपीतल्या कानाच्या फुंकणीत ऐकू यायचे. 'गॉस्पोर्ट ट्यूब' या नावाने ती पुढे कितीतरी वर्षे विमानांत राहिली. मला सगळ्यात मोठी सुधारणा हीच वाटते. ज्या क्षणी चूक होते त्याच क्षणी शांत आवाजात सांगता आले पाहिजे. खाली उतरल्यावर केलेली कानउघाडणी हाताला काही शिकवत नाही. तिसरी गोष्ट, विमान निवडले ॲव्रो ५०४. हलके, चपळ, चूक केली तर लगेच दाखवणारे आणि तरी बहुधा माफ करणारे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे त्याचे सूत्र. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की विद्यार्थ्याला संकटात पडू न देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याला संकटात नेऊन त्यातून बाहेर कसे पडायचे ते दाखवायचे, आणि मग तेच एकट्याला पुन्हा करायला लावायचे. म्हणून गॉस्पोर्टला मुलांना मुद्दाम स्पिनमध्ये नेत, आडव्या वाऱ्यात उतरायला लावत, इंजिनाची साथ नसताना शेतात विमान कुठे बसेल ते शोधायला लावत. आमच्या गावी मुलांना पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडत, तोच प्रकार. काका लोक काठावर उभे, पण हातपाय मारायचे पोरानेच.

याच सुमारास फार्नबरो इथे फ्रेडरिक लिंडमन हा शास्त्रज्ञ स्वतः उडायला शिकला. १९१७ मध्ये तो मुद्दाम स्पिनमध्ये शिरत असे आणि गरगरतानाच उपकरणांवरचे आकडे वाचून घेत असे. (हाच पुढे चर्चिल यांचा वैज्ञानिक सल्लागार झाला.) स्पिनमधून पहिल्यांदा सुटला तो लिंडमन, अशी एक आख्यायिका आहे, पण ती खरी नाही. पार्क होता, आणि १९१६ मध्ये फ्रँक गुडन या वैमानिकाने मुद्दाम स्पिन करून दाखवला होता. लिंडमनने त्याचे मोजमाप केले. म्हणजे एकाने जीव वाचवला, एकाने धाडसाने करून दाखवले, एकाने मोजले. पण रोजच्या वर्गात आणले ते स्मिथ-बॅरीने. इतिहासात शेवटच्या माणसाला नेहमीच कमी ओळी मिळतात.

ऑगस्ट १९१७ मध्ये गॉस्पोर्टची तुकडी 'स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग' झाली, शिक्षकांना घडवणारी शाळा. १९१८ मध्ये कॅनडात टोरांटोजवळ तशीच शाळा निघाली. अपघात काही थांबले नाहीत आणि युद्धातले मरण तर नाहीच. त्याच काळात मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर नावाचा तरुण या ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाला होता. जून १९१८ मध्ये गस्तीवरून तो परतला नाही आणि शत्रूच्या ताब्यात असताना जखमांनी गेला. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही या वाचनातच सापडले. पुढे शांततेच्या काळात जुहूला मुंबईचा फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, तो इथेच शिकून. त्या काळच्या मॉथ विमानांत दोन आसने, दोघांना नियंत्रणे आणि मध्ये बोलण्याची नळी, म्हणजे गॉस्पोर्टचाच वर्ग.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. स्पिनचा सराव करतानाच काही शिक्षक आणि विद्यार्थी मेले. शिवाय स्पिन बहुधा उतरण्याआधीच्या वळणावर, पाचशे-सातशे फुटांवर होतो, तिथे सुटका माहीत असूनही जागाच उरत नाही. म्हणून १९४९ मध्ये अमेरिकेने खाजगी वैमानिकाच्या परीक्षेतून स्पिन काढून टाकला. स्टॉलची चाहूल ओळखा आणि तिथेच थांबा, असे नवे धोरण. आजही तिथे स्पिनचे प्रशिक्षण सक्तीचे आहे ते फक्त शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना. मला यात तथ्य वाटते. विहिरीत पोहायला शिकवावे, पण काठावरचे शेवाळही दाखवावे.

मात्र इंजिन बंद पडण्याचा सराव कोणी काढला नाही, आणि त्या आईला मी हेच सांगितले. शिक्षक इंजिन बंद करत नाही, थ्रॉटल मागे घेऊन ते मंद ठेवतो. विमान दगडासारखे पडत नाही. सेस्ना १७२ सारखे छोटे विमान दर हजार फूट उंचीमागे सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. अट एकच, नाक लगेच खाली करून वेग राखला पाहिजे. घाबरलेला हात नेमका उलटे करतो. म्हणून ताकद अचानक, न सांगता काढायची, मुलाने शेत निवडायचे, वाऱ्याची दिशा बघायची, आणि जमिनीपासून सुरक्षित उंचीवर शिक्षक पुन्हा ताकद देऊन वर जायला सांगतो.

मधली काही दशके वाटत होते की मोठ्या विमानांत संगणक आले, आता हाताच्या सवयीचे महत्त्व संपले. मग २००९ उजाडले. फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन कंपनीचे विमान पडले, पन्नास माणसे गेली. स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने स्टिक मागे ओढली होती. जूनमध्ये एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये पडले, २२८ माणसे गेली. साधारण ३८,००० फुटांवरून समुद्रापर्यंत यायला साडेतीन मिनिटे लागली, आणि त्यातला बराच वेळ वैमानिकाच्या हातातली स्टिक मागेच होती. पार्कने पहिल्या काही क्षणांत जे केले, तेच.

त्यानंतर नियम बदलू लागले. डिसेंबर २०१९ पासून युरोपात व्यावसायिक विमानांच्या दिशेने जाणाऱ्या नव्या वैमानिकाला विमान बेताल झाल्यावर सावरण्याचा खास अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात निदान पाच तास वर्गातला पाठ आणि निदान तीन तास प्रत्यक्ष उड्डाण. पुढे दोनशे माणसांचे विमान चालवायचे असले तरी हे तीन तास छोट्या, बहुधा दोन आसनी विमानातच काढायचे, शिक्षक बाजूला बसलेला, आणि विमान मुद्दाम वाकडे केलेले.