नेता परदेशात, योजना गावात



आज गोष्ट थायलंडची. २२ ऑगस्ट २०२३ ची सकाळ. राजधानी बँकॉकमधल्या डॉन मुआंग विमानतळाबाहेर लाल कपडे घातलेली माणसं जमली होती. त्यातली बरीच जणं लांबच्या खेड्यांतून आलेली. नऊच्या सुमारास एक खाजगी विमान उतरलं. त्यातून ७४ वर्षांचा एक माणूस बाहेर आला. राजा-राणीच्या तसबिरीपुढे त्याने गुडघे टेकून नमस्कार केला, जमलेल्या लोकांकडे पाहून हात हलवला, आणि मग पोलिसांबरोबर कोर्टात गेला. कोर्टाने त्याची रवानगी तुरुंगात केली. जुन्या खटल्यांची मिळून शिक्षा होती आठ वर्षांची. आणि त्याच दिवशी संध्याकाळी संसदेने त्याच्याच पक्षाच्या माणसाला पंतप्रधान निवडलं.

या माणसाचं नाव थाकसिन शिनावात्रा. पंधरा वर्षं ते देशाबाहेर होते. घरी नाही, गावात नाही, मतपत्रिकेवर नाव नाही. तरी त्यांचा शब्द खेड्यापाड्यांत चालत राहिला. तो कशामुळे चालला, आणि त्यातून गावाच्या हाती शेवटी काय उरलं, ते आज पाहू.

थाकसिन यांचा जन्म १९४९ चा, उत्तर थायलंडमधल्या चियांग माईकडचा. आधी पोलिस अधिकारी, नंतर मोबाईल फोनच्या धंद्यात अब्जाधीश. १९९७ साली थायलंडवर मोठं आर्थिक संकट आलं. तिथल्या चलनाची, म्हणजे बातची, किंमत घसरली, कंपन्या बुडाल्या. शहरात कामाला गेलेली माणसं हात हलवत गावी परतली. म्हणजे भार पुन्हा गावावर, शेतीवर आणि घर चालवणाऱ्या बाईवर आला. अशा वेळी, १९९८ मध्ये, थाकसिन यांनी नवा पक्ष काढला. 'थाई राक थाई' हे त्याचं नाव, अर्थ 'थाई माणसाचं थाई माणसावर प्रेम'.

जानेवारी २००१ च्या निवडणुकीत या पक्षाने गावाला तीन ठळक वचनं दिली. पहिलं, लहान शेतकऱ्यांच्या कर्जवसुलीला तीन वर्षं थांबा. दुसरं, प्रत्येक गावाला दहा लाख बातचा फिरता निधी. तिसरं, दवाखान्यात कुठलाही आजार असो, एका वेळेला तीस बात द्यायचे, बाकीचा खर्च सरकारचा. तेव्हा एक बात म्हणजे जवळपास आपला एक रुपया, हे लक्षात घ्या. पक्ष जिंकला. आणि खरी गंमत पुढे आहे. वचनं वर्ष-दीड वर्षात अमलातही आली. यापूर्वी तिथल्या गावांनी आश्वासनं भरपूर ऐकली होती. निवडणुकीनंतर घरापर्यंत पोचलेलं आश्वासन त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

गावनिधीचं काम कसं चालायचं, ते आपल्याला चटकन समजेल. सत्तर हजारांहून जास्त गावांना हा पैसा मिळाला. पैसा बँकेत, पण कर्ज कोणाला द्यायचं ते गावाने निवडलेली समिती ठरवणार. समितीत स्त्रिया आणि पुरुष सारखेच असावेत असा नियम होता. साधारण वीस हजार बातपर्यंत कर्ज, फेड वर्षभरात. फेडलेला पैसा पुन्हा गावातच दुसऱ्याला. आपण ज्याला अंतर्गत कर्ज म्हणतो, तसंच हे. फरक एवढा, की आपण आधी महिन्याची बचत टाकतो आणि मग बँक दारात उभं करते. तिथे पैसा वरून एकदम आला. काहींनी त्यातून भाजीपाला, डुकरं, दुकान केलं. काहींनी वर्ष संपताना सावकाराकडून उचलून निधीचं कर्ज फेडलं आणि नवं कर्ज घेऊन सावकाराला दिलं. गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला हा फेरा नवा नाही.

तीस बातची योजना मात्र वेगळी ठरली. त्याआधी देशातल्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकांना उपचाराचं कसलंच संरक्षण नव्हतं. घरात मोठं आजारपण आलं की रेडा, म्हैस, जमीन विकायची. आता हातात कार्ड आलं. लोक त्याला सोनेरी कार्ड म्हणू लागले. पण ही कल्पना थाकसिन यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. सरकारी आरोग्य खात्यातले डॉक्टर सांगुआन नित्यारम्फोंग आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं खेड्यातल्या दवाखान्यांत काम करून ती मांडत होते. महिला संघटना, शेतकरी, वृद्ध, एचआयव्ही झालेली माणसं यांच्या गटांनी कायद्याच्या मागणीसाठी पन्नास हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. थाकसिन यांनी ती कल्पना उचलली, तिच्यामागे सत्ता उभी केली, आणि २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला. हे श्रेय त्यांचं आहेच. पण नाव लागलं एकट्याचं, आणि सह्या गोळा करत फिरलेल्या बायका विसरल्या गेल्या.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर गोष्ट खोटी होईल. २००३ मध्ये थाकसिन यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम काढली. तीन महिन्यांत दोन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. कितीतरी जणांवर खटलासुद्धा चालला नव्हता. २००४ मध्ये दक्षिणेतल्या ताक बाई इथे मुस्लिम निदर्शकांना हात बांधून लष्कराच्या ट्रकमध्ये एकावर एक रचून नेलं. त्यातले ७८ जण गुदमरून गेले. वर्तमानपत्रांवर दबाव, विरोधकांवर खटले हेही चालू होतं. ज्या सरकारने गरिबाच्या हातात दवाखान्याचं कार्ड दिलं, त्याच सरकारच्या काळात ही माणसं मेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

२००५ ची निवडणूक थाकसिन यांनी प्रचंड बहुमताने जिंकली. जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या कुटुंबाने आपल्या कंपनीतला हिस्सा सिंगापूरच्या सरकारी कंपनीला ७३ अब्ज बातला विकला आणि त्या व्यवहारावर कर भरला नाही. बँकॉकमध्ये पिवळे कपडे घातलेले लोक रस्त्यावर उतरले. १९ सप्टेंबर २००६ ला थाकसिन संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कला असताना लष्कराने रणगाडे आणून सत्ता घेतली.

इथे एक गोष्ट नीट ऐका. लष्कराने थाकसिन यांना घालवलं, पण तीस बातच्या योजनेला हात लावला नाही. उलट काही आठवड्यांत ते तीस बातसुद्धा माफ करून उपचार मोफत केले. कारण योजनेमागे कायदा होता, चालवायला स्वतंत्र कार्यालय होतं, आणि कार्ड घराघरात पोचलं होतं. ते परत मागायची हिंमत बंदूकधाऱ्यांनाही झाली नाही.

थाकसिन २००८ मध्ये काही महिने मायदेशी परतले. पण पंतप्रधान असताना बायकोच्या नावावर घेतलेल्या सरकारी जमिनीच्या खटल्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालाआधीच ते देश सोडून गेले होते. पुढे बराच काळ दुबईत राहिले. तिथून फोनवर, पडद्यावर ते सभेत बोलायचे. उत्तरेतल्या आणि ईशान्येच्या इसान भागातल्या गावोगावच्या छोट्या रेडिओ केंद्रांनी त्यांचा आवाज आणि लाल शर्टवाल्यांचं म्हणणं घरोघर नेलं. आपल्यासारखीच ती केंद्रं. पुढे सरकारने त्यातली काही बंद पाडली.

कोर्टाने त्यांचा पक्ष बरखास्त केला, त्यांनी दुसऱ्या नावाने काढला. तोही बरखास्त झाला, तिसरा निघाला. नाव बदललं तरी २००१ पासून २०१९ पर्यंतच्या निवडणुकांत सर्वात जास्त जागा त्यांच्याच माणसांना मिळाल्या. शहरातले काही लोक म्हणू लागले की खेड्यातल्या मतदाराला अक्कल नाही, तो पैशाला विकला जातो. पिवळ्या शर्टवाल्यांच्या नेत्यांनी तर संसदेत निवडलेले कमी आणि नेमलेले जास्त असावेत अशी मागणी केली. लाल शर्टवाल्यांना 'म्हशी' म्हणून हिणवलं गेलं. थाई भाषेतही म्हैस म्हणजे मंद बुद्धीचा माणूस. २०१० मध्ये हेच लोक निवडणूक मागायला बँकॉकमध्ये महिने दोन महिने ठाण मांडून बसले. लष्कराने कारवाई केली. त्या एप्रिल-मे महिन्यांत नव्वदहून जास्त माणसं मेली.

ज्या बाईला पहिल्यांदा दवाखान्यातून कर्ज न काढता घरी येता आलं, तिने त्या पक्षाला मत दिलं, यात विकलं जाणं कुठे आलं? तिने हिशोब केला होता. शहरी माणूसही स्वतःचा फायदा बघूनच मत देतो.

पण परदेशातून हुकूम चालवण्याची किंमतही गावानेच मोजली. २०११ मध्ये थाकसिन यांची धाकटी बहीण यिंगलक निवडणुकीला उभी राहिली आणि थायलंडची पहिली महिला पंतप्रधान झाली. भाऊ तिला आपली प्रतिकृती म्हणाला. तिच्या सरकारने भात टनाला पंधरा हजार बात दराने घ्यायचं ठरवलं. बाजारभावापेक्षा हा दर जवळपास दीडपट. विचार असा, की थायलंडने तांदूळ अडवला की जगात भाव चढेल. पण २०११ मध्येच भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात पुन्हा खुली केली, आणि २०१२ मध्ये सर्वात मोठा निर्यातदार हे थायलंडचं स्थान भारताकडे गेलं. तिकडे गोदामं भरून राहिली. २०१४ च्या सुरुवातीला भात दिलेले शेतकरी पैशांसाठी महिनोन्‌महिने थांबले. कर्जवसुलीच्या थांब्याने, गावनिधीने ज्यांनी विश्वास टाकला, तेच बँकॉकच्या रस्त्यावर पैसे मागायला आले.

त्यातच २०१३ मध्ये सत्ताधारी पक्षाने सरसकट माफीचं विधेयक आणलं. त्यातून थाकसिन परत येऊ शकले असते. आणि २०१० मध्ये गोळ्या झाडण्याचे हुकूम देणारेही सुटले असते. ज्यांची मुलं रस्त्यावर मेली त्या लाल शर्टवाल्या घरांनाही हे पटलं नाही. शहर पेटलं. मे २०१४ मध्ये कोर्टाने यिंगलक यांना पदावरून दूर केलं आणि त्याच महिन्यात लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. २०१७ मध्ये त्याही देश सोडून गेल्या.

आता सुरुवातीच्या त्या सकाळकडे परत येऊ. २०२३ ची निवडणूक जिंकली होती तरुणांच्या दुसऱ्याच पक्षाने. २००१ नंतर पहिल्यांदाच थाकसिन यांचा पक्ष मागे पडला. लष्कराने नेमलेल्या वरिष्ठ सभागृहाने तरुणांची वाट अडवली, आणि थाकसिन यांच्या पक्षाने लष्कराच्या बाजूच्या पक्षांशी हातमिळवणी करून सरकार बनवलं. नेता घरी आला. पहिल्याच रात्री तो तुरुंगातून पोलिसांच्या रुग्णालयात गेला. राजाने शिक्षा एक वर्षावर आणली आणि सहा महिन्यांत तो पॅरोलवर सुटला. ज्यांच्याशी भांडताना आपली माणसं मेली, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलेलं पाहून कित्येक जुन्या लाल शर्टवाल्यांनी पाठ फिरवली.

२०२४ मध्ये मुलगी पेतोंगतार्न पंतप्रधान झाली, वय ३७. जून २०२५ मध्ये कंबोडियाचे हुन सेन यांच्याशी तिचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. हुन सेन वडिलांचे जुने मित्र, म्हणून ती त्यांना काका म्हणाली आणि आपल्याच सैन्याच्या अधिकाऱ्याबद्दल नाराजी बोलली. ऑगस्टअखेर कोर्टाने तिला पदावरून काढलं. ९ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने वडिलांनाही सांगितलं, रुग्णालयात काढलेला काळ शिक्षेत धरता येणार नाही. थाकसिन एका वर्षासाठी तुरुंगात गेले.

मैत्रिणींनो, पंचवीस वर्षांचा हा हिशोब मांडला तर काय दिसतं? भाताचा चढा दर गेला. बहिणीची सत्ता गेली, मुलीची गेली. राहिलं ते दवाखान्याचं कार्ड. ते राहिलं कारण त्यासाठी लोकांनी सह्या केल्या होत्या, डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाया घातला होता, आणि संसदेने कायदा केला होता. जे एका माणसाच्या शब्दावर चाललं, ते त्या माणसाच्या नशिबाबरोबर वरखाली झालं.

उपकार लक्षात ठेवणारी माणसं आपण. घासाला जागणं हा चांगला गुण आहे. पण दवाखाना, धान्य, शाळा हा कोणाच्या घरचा घास नाही. तो कराच्या पैशातून येतो, आणि काडेपेटी घेणारी बाईसुद्धा कर भरते. म्हणून पुढच्या बैठकीत, एखाद्या योजनेचा कागद समोर आला की तीन प्रश्न विचारून बघा. यामागे कायदा आहे का? समितीत आपण आहोत का, की फक्त यादीत आहोत? आणि ज्याच्या नावाने हे आलं तो उद्या गेला, तर हे राहील का?

तिन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा सांगा. नमस्कार.