सेकंड हँड गाडीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की नको?

गाडी पसंत पडली, भाव ठरला, टोकनही दिलं. तेवढ्यात डीलर आणखी एक कागद पुढं करतो. "अजून पंधरा हजार भरा, वर्षभर इंजिन-गिअरबॉक्सचं टेन्शन नाही." घरची मंडळी म्हणतात, एवढे लाख घातलेत तर हेही घेऊन टाक. इथंच जरा थांबायला हवं.

थोडक्यात सांगायचं तर साध्या पेट्रोल गाडीला ही वॉरंटी बहुतेक वेळा महाग पडते. ऑटोमॅटिक किंवा टर्बो डिझेल गाडीला ती कामाची ठरू शकते. पण सीमाभागातल्या माणसानं किमतीआधी एक प्रश्न विचारावा : गाडी बिघडली तर काम कुठं करून मिळणार?

विमा वेगळा, वॉरंटी वेगळी

विमा अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असतो. चालता चालता गिअरबॉक्स गेला तर विमा कंपनी पैसे देत नाही. यांत्रिक बिघाड पॉलिसीतच वगळलेला असतो. वॉरंटी याच बिघाडासाठी असते, पण तीही सगळ्या बिघाडांसाठी नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, सस्पेन्शनचे बुश असे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. पाण्यानं झालेलं नुकसान, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, टॅक्सी म्हणून केलेला वापर, चुकलेली सर्व्हिसिंग यांवरही क्लेम नाकारला जातो. गाडी घेताना असलेला दोषही बहुतेक करारांत बसत नाही. जुन्या गाडीत भांडण नेमकं इथंच होतं, कारण दोष आधीचा की नंतरचा हे ठरवणारा माणूस वॉरंटीवाल्याचाच असतो.

हिशोब करून बघा

समजा वॉरंटी १५,००० रुपयांची आहे. १८ टक्के जीएसटी धरून १७,७०० झाले. करारात लिहिलंय की वर्षभरात जास्तीत जास्त ५०,००० रुपयांचं काम करून मिळेल. म्हणजे तीन गिऱ्हाइकांनी मिळून ५३,१०० भरले. त्या तिघांतल्या एकाला पूर्ण ५० हजारांचं काम निघालं, तरी पैसे फिटत नाहीत. तुमची गाडी तिघांत एक इतकी धोक्याची वाटत असेल, तर वॉरंटी नव्हे, गाडीच नको म्हणा.

दुसरी बाजूही आहे. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचं मोठं काम लाखाच्या पुढं जाऊ शकतं. टर्बो आणि डिझेलचे इंजेक्टरही स्वस्त नाहीत. अशा गाडीला क्लेमची मर्यादा पुरेशी असेल आणि वॉरंटी कार कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागाची असेल, तर विचार करायला हरकत नाही. एकदम लाखभर काढणं ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठीही तिला अर्थ आहे.

एमएच पासिंगची गाडी बेळगावात

आपल्याकडं गाडी कोल्हापूर-पुण्यात घेतात आणि चालवतात बेळगाव, खानापूर, निपाणीत. कुणी गोव्यातून आणतं. वॉरंटी मात्र डीलरच्या ठरावीक गॅरेजांतच चालत असेल, तर बेळगावहून कोल्हापूरला शंभरावर किलोमीटर गाडी टो करून न्यायची का? चोर्ला घाटात बंद पडली तर टोइंगचा खर्च कुणाचा? तुमच्या गावाजवळचं गॅरेज यादीत आहे का, हे नाव-पत्त्यासह कागदावर बघा. "ऑल इंडिया चालतं" या तोंडी शब्दावर राहू नका.

पासिंगचाही मुद्दा आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर मूळ आरटीओची एनओसी आणून नवीन नोंदणी करावी लागते, नंबर बदलतो. वॉरंटीच्या कागदावर फक्त जुना नंबर असेल तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते. त्यामुळं चेसिस नंबर लिहून घ्या आणि नवा नंबर मिळाला की लेखी कळवा. कर्नाटकचा रोड टॅक्स जड आहे. तो खर्च वॉरंटीच्या आधी बजेटमध्ये धरा.

तेच पैसे आधी तपासणीवर

वॉरंटीच्या पैशांतला थोडा भाग आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला द्या. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, स्कॅनर लावा, इंजिन थंड असताना चालू करून ऐका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसिंगची नोंद काढून किलोमीटर जुळतात का ते पडताळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडं पाणी किती चढलं होतं ते आपण विसरलेलो नाही. म्हणून त्या भागातली त्याआधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग शोधा, सीटखालचा गंज बघा. उरलेले पैसे गाडीच्या नावानं बँकेत बाजूला ठेवा. काम निघालं नाही तर ते तुमचेच.

सही करण्याआधी विचारा

- वॉरंटी देणारा कोण? कार कंपनी, डीलर की तिसरीच कंपनी?
- कोणते भाग धरलेत, त्यांची यादी कुठं आहे?
- एका क्लेमची आणि वर्षाची मर्यादा किती?
- पहिले किती दिवस क्लेम करता येत नाही?
- गाडी उघडण्याआधी परवानगी लागते का?
- गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का?
- मूळ कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का? असेल तर दुसरी कशाला?

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा आणि बदललेले जुने पार्ट ताब्यात ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. डीलर पुण्याचा असला तरी बेळगावकराला पुण्याच्या चकरा मारायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ओळखीच्या माणसाकडून खाजगीत गाडी घेतली असेल तर मात्र विकणाऱ्याविरुद्ध हा रस्ता सहसा मिळत नाही. तिथं तपासणी हीच वॉरंटी.

डीलरनं कराराची प्रत घरी न्यायला दिली तर रात्री निवांत वाचा. "आधी सही करा, कागद नंतर मिळेल" असं म्हणाला, तर उत्तर तिथंच मिळालं समजा.