ज्वारीची वर्गणी आणि कर्करोगाचा खर्च : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

कर्करोगोपचारांचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे या क्रमाने लिहिला जातो. वर्धा जिल्ह्यापुरता तो शुश्रूषेच्या व खर्चाच्या अंगानेही तपासावा लागतो. १९३९ मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमात आले, तेव्हा कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. तरीही गांधीजी त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करीत. औषध संपते तेथे सेवा संपत नाही, ही दृष्टी येथे कर्करोगोपचारांच्या आधीच रुजली होती.

परंतु सेवेलाही खर्च येतो. १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारे खेड्यांत आरोग्य विमा योजना राबविली. सुगीत ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची, हीच वर्गणी. (रोकड नसलेला शेतमजूरही त्यामुळे सभासद होऊ शकला.) अकस्मात आजारांवर मोफत उपचार आणि बाळंतपण, मोतीबिंदू यांसारख्या अपेक्षित बाबींना सवलत, अशी तिची विभागणी होती. कर्करोग मात्र अकस्मात येतो आणि वर्षानुवर्षे मुक्काम करतो! केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीला रुग्णाची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते.

२०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना जिल्ह्यात आली. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावे चालते. रुग्णालयातील उपचारांचा भार तिने पुष्कळ हलका केला. बुडालेल्या मजुरीचा नव्हे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील कर्करोग नोंदणीत २०१० पासूनचे रुग्ण आहेत, पण तीही मुख्यतः रोगाची नोंद. घरातील शुश्रूषेच्या मौखिक नोंदी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी संकलित करावयास हव्यात, तेही हे रुग्ण व त्यांचे सोबती सांगावयास आहेत तोवर.