भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सरकारी आरोग्यकेंद्रांतून अखंड उपचार मिळावेत म्हणून आखलेला उपक्रम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य शासने आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सहयोगी संस्थांसह तो २०१७ मध्ये हाती घेतला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे त्यातील जिल्हे.

या विकारात सहसा काही दुखतखुपत नाही, त्यामुळे गोळी सहज सुटते. त्यात दर खेपेला चार-आठ दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या, तर रोज बुडवून पुन्हा रांगेत कोण उभे राहणार? उपक्रमाने नेमके इथेच बोट ठेवले. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा मोजक्या औषधांचा ठरावीक क्रम, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, फेरतपासणी घराजवळच्या केंद्रात, आणि न आलेल्यांचा पाठपुरावा. यश मोजायचे ते रक्तदाब १४०/९० च्या खाली आला का, यावर. शिबिरात किती जण तपासले, या आकड्यापेक्षा ही कसोटी कितीतरी प्रामाणिक आहे. २०२२ मध्ये उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. खासगी दवाखान्यांतले रुग्ण मात्र बहुतांशी उपक्रमाच्या नोंदींबाहेर राहतात.